पानपिंपळीची पारख, अर्थात् वनौषधींचें शास्त्रीय परीक्षण

अकोट, तेल्हारा व अंजनगांव सुर्जी या टापूंत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, नागवेलीच्या पानमळ्यांच्या जोडीनें जी पानपिंपळी पिकते, आणि जिला आपल्या बोलींत पानपिंपरी म्हणतात, तिची ओळख वऱ्हाडांतील वाचकांस करून देण्याचें प्रयोजन नाहीं. बारी समाजानें पिढ्यान् पिढ्या हें नाजूक पीक ऊन, वारा व थंडी यांपासून लेंकराप्रमाणें जपलें आहे. परंतु वाळलेली पिंपळी एकदां पोत्यांत भरून बाजारीं गेली, म्हणजे पुढें ती कोणत्या कामीं येते, तिच्यांत औषध म्हणून नेमकें काय आहे, तें कोणीं व कसें शोधून काढिलें, आणि जो माल आपण केवळ वजनावर व रंगावर विकतों त्याचा खरा कस कशावरून ठरतो, हें ती पिकविणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असतें. या अज्ञानानें दोन प्रकारचें नुकसान होतें. एक पैशाचें, कारण कसदार माल व निकस माल एकाच भावानें जातो. दुसरें प्रकृतीचें, तें कसें, हें यथाक्रम सांगूं.

पिंपळी हें कांहीं नवें औषध नव्हे. सुंठ, मिरीं व पिंपळी मिळून त्रिकटु होतें. खोकल्यावर घरोघरीं असणाऱ्या सितोपलादि चूर्णांत खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडे २ व दालचिनी १ असें प्रमाण असतें. चौसष्ट प्रहरी पिंपळी म्हणजे आठ दिवस अहोरात्र खललेली पिंपळी. ती मधांतून चाटविण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, चरकसंहितेंत पिंपळीचा रसायन म्हणून गौरव केलेला असून त्याच ग्रंथांत पिंपळी, क्षार व मीठ या तीन वस्तूंचें अतिसेवन करूं नये असेंही बजाविलें आहे. ज्यांनीं तिचा गुण पाहिला त्यांनीं तिचा दोषही पाहिला होता. आजच्या जाहिरातींत मात्र या दोहोंपैकीं एकच बाजू छापली जाते.

मग शास्त्रीय परीक्षणानें यांत काय भर पडली? कित्येकांची समजूत अशी कीं, शास्त्रज्ञ म्हणजे जुनी वैद्यकी खोटी पाडणारे लोक. उलट दुसऱ्या कित्येकांस वाटतें कीं, पूर्वजांनीं सर्व सांगून ठेविलें आहे, आतां शोधावयाचें उरलेंच काय? आमच्या मतें या दोन्ही समजुती सारख्याच आळशी आहेत. 'अमुक झाड औषधी आहे' हें वाक्य 'अमक्याची जमीन आहे' या वाक्याइतकेंच अपुरें आहे. कोणत्या गांवीं, कोणत्या गटांत, किती, कोणत्या प्रतीची, वहिवाट कोणाची, हें समजल्यावांचून जमिनीचा व्यवहार होत नाहीं. झाडाविषयींही तेंच. नेमकें कोणतें झाड, त्याचा कोणता भाग, केव्हां तोडलेला, कोणत्या रोगावर, किती मात्रेनें, आणि औषध न घेतां तो रोगी आपोआपच बरा झाला असता कीं काय? या प्रश्नांचीं उत्तरें पुराव्यानिशीं मिळविणें यासच परीक्षण म्हणतात.

पहिला प्रश्न ओळखीचा, आणि तोच बहुतेक ठिकाणीं गाळला जातो. शेताला जसें 'आंब्याचें वावर', 'नाल्याकडचें वावर' असें बोलण्यांतलें नांव असतें, तसें झाडाला देशी नांव असतें. गांवांत तेवढ्यानें भागतें. गांवाबाहेर भागत नाहीं. 'ब्राह्मी' या एकाच नांवानें दोन निरनिराळ्या वनस्पति विकल्या जातात. 'शंखपुष्पी' म्हणून तर प्रांतोप्रांतीं वेगवेगळीं झुडपें पुढें केलीं जातात. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ प्रत्येक झाडास एक लॅटिन नांव देतात. तें म्हणजे त्या झाडाचा सर्व्हे नंबरच होय. पानपिंपळीचें हें नांव 'पायपर लाँगम' असें आहे, आणि काळीं मिरीं व नागवेल हीं तिचीं सख्खीं भावंडें त्याच 'पायपर' घराण्यांतील आहेत. झाडाची फांदी फुलाफळासह दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून, कोठें व केव्हां मिळाली याच्या टिपणासह जपून ठेवण्याचीं दप्तरें असतात. आपल्या राज्यांत पुणें येथें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळांत १९५५ पासून असें दप्तर आहे. ज्यानें आयुष्यांत एकदां जरी हद्दीचा तंटा पाहिला असेल, त्यास अशा मूळ दप्तराचें महत्त्व सांगावयास नको.

ओळख चुकल्यास काय होतें याचें ताजें उदाहरण गुळवेलीचें आहे. कोविडच्या साथींत प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून लोकांनीं गुळवेलीचे काढे महिनेंच्या महिने घेतले. २०२१ मध्यें मुंबईच्या डॉक्टरांनीं असे काढे घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाचें म्हणणें असें पडलें कीं, या रोग्यांनीं घेतलेली वेल खरी गुळवेलच होती हें सिद्ध झालेलें नाहीं. तिच्यासारखी दिसणारी, त्याच घराण्यांतील दुसरी वेल असूं शकेल. कोणाचें खरें, हा वाद आम्ही येथें सोडवीत नाहीं. परंतु रोग्यानें घेतलेल्या वेलीचा एक तुकडा जरी ओळख पटवून ठेवलेला असता तरी हा वाद उभाच राहिला नसता, एवढें खास.

ओळख पटल्यावर दुसरें काम सत्त्व काढण्याचें. पिंपळीच्या बोंडांतील तिखट सत्त्वास 'पायपरीन' म्हणतात. १८१९ मध्यें हान्स क्रिस्तियान अर्स्टेड या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें तें प्रथम मिऱ्यांतून वेगळें काढिलें. तारेंतून वीज वाहतांना जवळच्या होकायंत्राची सुई हलते हें दाखविणारा प्रसिद्ध अर्स्टेड तो हाच. हें पायपरीन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, मद्यार्कांत मात्र चांगलें विरघळतें. या एका गोष्टींत पुष्कळ अर्थ भरला आहे. पाण्यांत उकळलेला काढा आणि अख्खें चूर्ण हीं एका झाडाचीं असलीं तरी एकच औषध नव्हेत. कारण काढ्यांत जें उतरत नाहीं तें चोथ्याबरोबर फेकलें जातें.

काढण्याची रीत बदलली कीं औषध बदलतें, याचा जगांतील सर्वांत मोठा दाखला चीन देशांतला आहे. तू यूयू नांवाच्या विदुषी हिंवतापावर उपाय शोधीत होत्या. 'छिंगहाव' या दवण्याच्या जातीच्या झुडपाच्या उकळलेल्या अर्कानें गुण येईना. तेव्हां त्यांनीं सोळाशें वर्षांपूर्वींच्या एका वैद्यकग्रंथांत पुन्हां पाहिलें, तों तेथें तें झुडूप उकळावें असें नव्हतेंच. थंड पाण्यांत भिजवून पिळावें असें होतें. उष्णतेनें सत्त्व नासत असावें असें ताडून त्यांनीं कमी उष्णतेवर अर्क काढिला, आणि १९७२ मध्यें तें सत्त्व हातीं आलें. आज सर्व जगांत हिंवतापावर तें दिलें जातें, व २०१५ मध्यें त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. जुना ग्रंथ व नवी रसायनशाळा एकमेकांच्या कामीं आलीं, तीं अशीं.

तिसरें काम सर्वांत कठीण, आणि तें शेतकऱ्यास सांगणें मात्र सर्वांत सोपें. समजा, एकानें कपाशीस नवें खत घातलें आणि पीक चांगलें आलें. तें खतानेंच आलें हें कशावरून? त्या वर्षीं पाऊस वेळेवर पडला असेल, किंवा तो तुकडा मुळांतच भारी काळीचा असेल. म्हणून अकोल्याच्या कृषि विद्यापीठासारख्या संस्थांच्या प्रक्षेत्रांवर एकाच जमिनींत कांहीं वाफ्यांस खत घालतात, कांहींस घालीत नाहींत. कोणत्या वाफ्यास घालावयाचें हें मनानें न ठरवितां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरवितात. आणि तोच प्रयोग अनेक वाफ्यांत व अनेक हंगामांत करून मग शिफारस करितात. माणसांवरील औषधाची परीक्षा हुबेहूब अशीच असते. कांहीं रोग्यांस औषध, कांहींस तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणास काय मिळालें हें रोग्यास ठाऊक नाहीं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरासही नाहीं. साधा खोकला पुष्कळदां आठ-पंधरा दिवसांत आपोआप थांबतो. त्या दिवसांत जें घ्यावें त्याला यश येतें. औषध न घेतलेला वाफा शेजारीं असल्याशिवाय या फसगतींतून सुटका नाहीं.

या परीक्षेंत उतरलेली आपल्या देशांतील वनस्पति म्हणजे सर्पगंधा. तिचें मूळ वेडावर व झोंप न येण्यावर पूर्वापार देत असत. १९३१ मध्यें दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत सिद्दीकी यांनीं तिच्यांतील सत्त्वें वेगळीं केलीं व एकास हकीम अजमलखान यांचें नांव देऊन 'अजमलीन' म्हटलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असें लिहिलें. परंतु जगाचें लक्ष वेधलें तें मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या कामानें. त्यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांस हें मूळ देऊन, प्रत्येकाचा दाब मोजून, तो लेखाजोखा १९४९ मध्यें इंग्लंडांतील हृदयरोगाच्या मासिकांत छापला. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं 'रेसर्पीन' हें सत्त्व काढिलें, आणि कांहीं वर्षें तें सर्व जगाचें रक्तदाबावरचें औषध झालें. कांहीं रोग्यांस त्यानें मनाची खिन्नता येते हेंही अशाच नोंदींवरून कळलें, व अधिक निर्धोक औषधें आल्यावर त्याचा वापर मागें पडला. मात्र दरम्यान जंगलांतील सर्पगंधा इतकी खणली गेली कीं तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आणावें लागलें. गुण सिद्ध झाला आणि लागवड झाली नाहीं, तर झाड रानांतून नाहींसें होतें. ही गोष्ट लागवड करणाऱ्यांनीं आपल्या बाजूची म्हणून समजून घ्यावी.

परीक्षेंत अडखळलेलें उदाहरणही सांगितलें पाहिजे, नाहीं तर आमचें लिहिणें जाहिरातीच्याच जातीचें होईल. गुग्गुळानें मेद कमी होतो या सुश्रुताच्या वर्णनावरून १९६६ मध्यें बनारस हिंदु विश्वविद्यालयांत डॉ. सत्यवती यांनीं सशांवर प्रयोग केले व ते आशादायक ठरले. पुढें लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें त्याचें औषधही तयार केलें. परंतु २००३ मध्यें अमेरिकेंत १०३ जणांवर ८ आठवडे वरच्यासारखी दोन वाफ्यांची परीक्षा झाली, तेव्हां रक्तांतील वाईट चरबी उतरली नाहींच, उलट किंचित वाढली. तेथील लोकांचा आहार निराळा होता असें कांहीं म्हणतात, व तें असेलही. तरी सशावर सिद्ध झालें म्हणजे माणसावर सिद्ध झालें असें नव्हे, एवढें त्यावरून पक्कें झालें.

आतां पिंपळीकडे परत येऊं, कारण तिची कथा या दोहोंहून निराळी आहे. आयुर्वेदांत असंख्य पाठांत त्रिकटु कां घालतात, असा प्रश्न जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत (ती आतां भारतीय समवेत औषध संस्थान या नांवानें चालते) डॉ. सी. के. अटल यांनीं उपस्थित केला, आणि १९७९ च्या सुमारास असें मांडलें कीं, पिंपळी ही स्वतःच्या गुणाइतकीच, बरोबरच्या औषधाचा गुण वाढविण्यासाठीं घातलेली असावी. हें घडतें कसें? आपण पोटांत घेतलेलें औषध रक्तांत पोंचण्यापूर्वीं त्यास दोन नाक्यांवरून जावें लागतें. एक आंतड्यांच्या अस्तराचा व दुसरा यकृताचा. तेथील नाकेदार परकी वस्तु ओळखून कांहीं परत लोटतात, कांहीं मोडतोड करून लघवीच्या वाटेनें बाहेर काढून देतात. शरीराच्या रक्षणास ही व्यवस्था अवश्यच आहे. पायपरीन या नाकेदारांचा हात कांहीं काळ मंद करितें, आणि एरव्हीं जें औषध नाक्यावरच संपलें असतें तें रक्तांत अधिक पोंचतें.

याचें सर्वांत ठळक उदाहरण हळदीचें. हळदीचें पिवळें सत्त्व, कर्क्युमीन, नुसतें घेतलें तर रक्तांत जवळजवळ सांपडतच नाहीं. १९९८ मध्यें बंगळूरच्या सेंट जॉन वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं माणसांस २ ग्रॅम कर्क्युमीनबरोबर अवघें २० मिलिग्रॅम पायपरीन दिलें, तेव्हां रक्तांत पोंचणारें प्रमाण सुमारें २० पट झालें. दुसरें उदाहरण क्षयाचें. रिफाम्पिसीन या क्षयावरील औषधाची एक गोळी प्रौढास सर्वसाधारणपणें ४५० मिलिग्रॅमची देत असत. जम्मूच्या संस्थेनें व एका भारतीय औषध कंपनीनें मिळून २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसीनमध्यें १० मिलिग्रॅम पायपरीन घालून तेंच काम करणारी गोळी तयार केली, व २००९ च्या सुमारास ती बाजारांत आली. सरकारी क्षयरोग कार्यक्रमांतील औषधें मात्र त्यांच्या ठरलेल्या पूर्ण मात्रेनेंच दिलीं जातात. हें वाचून कोणीं क्षयाची गोळी अर्धी करून वर पिंपळी चाटूं नये. तसें करणें म्हणजे रोगास मोकळें रान देणें होय.

आणि आरंभीं जें प्रकृतीचें नुकसान म्हटलें तें येथेंच आहे. नाकेदार झोंपला म्हणजे तो केवळ आपल्या मनांतल्या औषधापुरता झोंपत नाहीं. अपस्मारावरचें फेनिटॉइन, दम्यावरचें थिओफिलीन, रक्तदाबावरचें प्रोप्रॅनोलॉल या औषधांचें रक्तांतील प्रमाण पायपरीनमुळें वाढतें असें माणसांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. ज्या औषधाची मात्रा डॉक्टरांनीं तोलून ठरविली तें असें नकळत वाढलें तर त्याचा अपाय होऊं शकतो. आज खेड्यांतूनही चाळिशीपुढच्या कित्येकांस रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी रोज चालू असते, आणि त्याच घरांत 'झाडपाल्याचें आहे, अपाय काय होणार' म्हणून पिंपळी किंवा पायपरीन घातलेल्या हळदीच्या कुप्याही असतात. भाजींतल्या मसाल्याची गोष्ट आम्ही करीत नाहीं. तेवढ्या प्रमाणाची भीति नको. परंतु चूर्ण अगर कुपी म्हणून रोज घेणाऱ्यानें आपल्या डॉक्टरास व वैद्यास दोघांसही तें सांगितलें पाहिजे. चरकाचार्यांचें पिंपळीविषयींचें तें वाक्य एवढ्याकरितां पुन्हां आठवावें.

आतां पैशाचें. वाळलेल्या पिंपळींत पायपरीन नमुन्यागणिक शेंकडा १ पासून ५ पर्यंत सांपडतें. म्हणजे एकाचें पोतें दुसऱ्याच्या पोत्याहून कित्येक पट कसदार असूं शकतें, आणि दोन्हीं दिसण्यांत सारखींच असूं शकतात. हा फरक कांहीं अंशीं जातीचा असतो. पिंपळींत नर वेल व मादी वेल वेगळी असते. बोंडांसाठीं मादी वेल लागते व ती कलमाच्या कांडीनेंच वाढवितात. कांडी ज्या वेलीची, तिचाच गुण उतरतो. म्हणून ज्याच्या मळ्यांत तिखट बोंडें येतात त्याची कांडी मोलाची. केरळच्या कृषि विद्यापीठानें 'विश्वम्' नांवाची जात अशाच निवडीनें काढिली. आपल्या मळ्यांतही ज्या कांड्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत त्यांची मळेवार तपासणी होणें अगत्याचें आहे.

दुसरा अंश तोडणीचा. बोंडें पूर्ण भरून काळसर हिरवीं झालीं कीं तोडावींत. वेलीवर पिकूं दिल्यास तीं मऊ पडतात व तिखटपणा उतरतो. कोंवळींच तोडल्यास वजनही जातें व कसही. ओल्या १० किलो बोंडांपासून सुमारें दीड किलो वाळलेला माल हातीं येतो, हें लक्षांत ठेवल्यास अपुऱ्या वाळलेल्या मालाचें वजन कां भरतें तें कळेल. आणि अशा मालास गोदामांत बुरशी कां लागते तेंही.

तिसरा अंश वाळवणाचा, आणि येथें शास्त्र व व्यवहार अगदीं समोरासमोर येतात. सरकारनें प्रसिद्ध केलेल्या भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशांत प्रत्येक वनौषधीचें प्रमाण ठरवून दिलें आहे. पिंपळीबाबत त्यांत असें आहे कीं, कचरा, काडी इत्यादि परकें द्रव्य शेंकडा २ हून अधिक नसावें, आणि माल जाळून उरणारी राख शेंकडा ७ हून अधिक नसावी. राखेचा औषधाशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. वनस्पतीच्या स्वतःच्या क्षारांची राख ठराविकच असते. ती वाढली म्हणजे मालांत माती व वाळू आहे. सारवलेल्या अंगणांत किंवा रस्त्याच्या कडेला पसरलेली पिंपळी दिसायला कितीही काळी कुळकुळीत दिसली तरी भट्टींत तिचें पितळ उघडें पडतें. ताडपत्रीवर किंवा स्वच्छ सिमेंटच्या खळ्यावर वाळविण्याचा खर्च हा खर्च नव्हे.

सर्वच वनौषधींना पिंपळीसारखा पुराव्याचा आधार असतो असें मात्र समजूं नये. इ. स. २००० च्या आगेंमागें सफेद मुसळीची जी लाट आपल्या भागांत आली ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. ही मुसळी मेळघाटच्या रानांत पूर्वापार मिळत असे; तिच्या लॅटिन नांवांत मुंबईजवळच्या बोरिवलीचें नांव गोंवलेलें आहे. तिच्या शक्तिवर्धक गुणाचे प्रयोग बहुतांशीं उंदरांवर झालेले, मागणी किती हें कोणीं मोजलेलें नाहीं, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या जातीही बऱ्याच. अशा स्थितींत कंदांचें बेणें सोन्याच्या भावानें विकलें गेलें. बेणें विकणाऱ्यांनीं पैसा केला. पीक निघालें तेव्हां सांगितलेल्या भावानें घेणारा कित्येक ठिकाणीं भेटला नाहीं. नवें औषधी पीक घेण्यापूर्वीं तिऱ्हाइताकडून तीन गोष्टी विचाराव्या: हें झाड तेंच कशावरून, त्याच्या गुणाची परीक्षा माणसांवर झाली आहे काय, आणि बेणें विकणाऱ्याखेरीज माल घेणारा दुसरा कोणी आहे काय? तिसऱ्याचें उत्तर न मिळाल्यास पहिलीं दोन विचारण्याचेंही कारण नाहीं.

मेळघाटचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट येथेंच सांगतों. कोरकू गांवांतील भुमकाजवळ झाडपाल्याचें जें ज्ञान आहे तें कागदावर नाहीं, आणि कागदावर नसलेल्या ज्ञानावर उद्यां दुसरा कोणी हक्क सांगूं शकतो. हळदीनें जखम भरते याबद्दलचें पेटंट १९९५ मध्यें अमेरिकेंत दिलें गेलें होतें. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते तिनें जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून दाखल केले, आणि १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. तेथें लेखी पुरावा होता म्हणून हें साधलें. जैवविविधता कायदा २००२ मध्यें झाल्यापासून प्रत्येक ग्रामपंचायतीनें लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. ती भरतांना अशा जाणत्यांस बोलावून, त्यांच्या संमतीनें, त्यांचें म्हणणें उतरून घ्यावें. पुष्कळ ठिकाणीं ती एका बैठकींत उरकली जाते. आयुष्यभर नोंदी करण्यांत गेल्यामुळें आम्हांस हें सांगवतें कीं, उरकलेली नोंदवही ही नसलेल्या नोंदवहीपेक्षां वाईट, कारण ती पाहून पुढचा माणूस शोध घेणें सोडून देतो.

हीच गोष्ट पिकाच्या नोंदीची. २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणीनें शेतकऱ्यासच आपल्या पिकाची नोंद करतां येते. पानपिंपळी ही पानपिंपळी म्हणूनच लिहिली जावी. वादळानें वा थंडीनें मळा गेला, म्हणजे गांव नमुना बारांत जें पीक नाहीं त्याची भरपाई मागणें किती जड जातें, हें ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांस विचारावें.

अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचें नागार्जुन वनौषधि उद्यान आहे. तेथें वनौषधींचीं झाडें प्रत्यक्ष उभीं पाहतां येतात. आपल्या सभासदांनीं एकदां तरी तेथें जाऊन झाडांची ओळख करून घ्यावी, आणि आपल्या मळ्यांतील कांडीबद्दल तेथील तज्ज्ञांशीं बोलावें. मालाचें पायपरीन मोजून देणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही आहेत. बोंडांची पूड मद्यार्कांत भिजवून सत्त्व उतरवितात व त्यांतून अतिनील प्रकाश सोडतात. पायपरीन जितकें अधिक तितका प्रकाश अधिक शोषला जातो, यावरून आंकडा निघतो. एकट्यानें हा खर्च करणें जड वाटल्यास आठ-दहा मळेवाल्यांनीं मिळून करावा. आंकड्याचा कागद हातीं असला म्हणजे आडत्याशीं बोलण्याची भाषा बदलते.

नमुना मात्र नीट काढावा. एकाच पोत्याच्या तोंडाशीं असलेलीं मूठभर निवडक बोंडें पाठविणें म्हणजे स्वतःचीच फसवणूक. प्रत्येक पोत्यांतून वरून, मधून व तळांतून थोडथोडा माल घेऊन तो स्वच्छ कापडावर एकत्र मिसळावा. त्याचा गोल ढीग करून चार भाग पाडावे. समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले दोन परत पोत्यांत टाकावे. आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेंच करावें. मग तो माल कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून, वर मळ्याचा गट क्रमांक, कांडी कोणाकडून आणली तें, तोडणीची तारीख व किती दिवस वाळविला हें लिहून, उन्हापासून दूर ठेवावा व आठ दिवसांच्या आंत पाठवावा. त्याच नमुन्याचा दुसरा डबा आपल्या घरीं ठेवण्यास विसरूं नये.